हिरीचं लग्न आणि अंगणातला खांब

चिकूचा हंगाम उतरणीला लागला होता. हिरीने डोक्यावरची टोपली ओट्याशी उतरवली, पदराने मान पुसली आणि म्हणाली, "बाय, येत्या सोमवारपासून मी येणार नाय. माझं लगीन हाय."

मी चहा गाळत होते. निम्मा ओट्यावर सांडला.

"कुणाशी?" मी मुद्दामच विचारलं.

"कुणाशी म्हंजे? त्यो काय तिथं आंब्याखाली घोरतोय, त्याच्याशीच."

आंब्याखाली शुक्रा झोपला होता. शुक्रा आणि हिरी आमच्या डहाणूच्या वाडीत चिकू उतरवायला येऊ लागले तेव्हा माझे यजमान हयात होते आणि हिरीच्या पाठीवर तिचा नविन बांधलेला असे. आता नविनलाच रांगती मुलगी आहे, मुक्ता नावाची. आणि ही आजी स्वतःच्या लग्नाची सुट्टी मागत होती. तीही अशा सुरात, जणू दाढ काढायला कासा गावच्या दवाखान्यात जायचं आहे.

वारल्यांमध्ये यात नवल काही नाही. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत पडली की एकत्र राहू लागतात. झोपडं उभं राहतं, मुलं होतात, आणि लग्न सवडीने लागतं. कारण लग्न म्हणजे अख्ख्या पाड्याला जेवण, ताडी, ढोल, सनई. सवड लवकर होत नाही, पण त्यावाचून कुणाचं अडतही नाही. अडतं ते पुढच्या पिढीचं. आईबापांचं लग्न लागल्याशिवाय मुलाचं लागत नाही, हा नियम पक्का आहे. नविनला निलमशी लग्न लावायचं, तर आधी हिरीने शुक्राशी लावायला हवं.

आणि या वर्षी ते लावायलाच हवं होतं. निलमच्या बापाने, तलासरीकडच्या हाल्याने, निरोप धाडला होता: या उन्हाळ्यात लग्न लागलं नाही तर मी माझ्या पोरीला आणि नातीला घरी घेऊन जाणार. लग्नाविना ठेवली त्याचं मला काही नाही, पण लग्न लागेपर्यंत ती माझीच, तिला हलणाऱ्या जमिनीवर किती दिवस ठेवू?

हिरीला झोप लागत नव्हती ती यामुळे. मुक्ता रात्री तिच्याच कुशीत झोपायची.

आता ही हलणारी जमीन. हिरीचा पाडा धुंदलवाडीच्या पलीकडे, महामार्गापासून आत, टेकडीच्या पायथ्याशी आहे. २०१८ च्या दिवाळीनंतर आमच्या डहाणू तालुक्यात आणि तलासरीच्या काही भागांत हादरे सुरू झाले, ते अधूनमधून चालूच राहिले. माझ्या रोजनिशीत त्या हिवाळ्यात बऱ्याच ठिकाणी नुसतं 'भांडी वाजली' एवढंच लिहिलेलं आहे. हिरीकडे भांडी वाजण्यावर भागत नव्हतं. तिच्या सांगण्याप्रमाणे आधी जमिनीच्या पोटातून कुणीतरी रिकामं पिंप गडगडवत नेल्यासारखा आवाज यायचा, मग धक्का. लोक थंडीत बाहेर झोपायचे. "शेळ्या आत न आम्ही भायेर," ती सांगायची. "शेळ्यांची लय चैन झाली, बाय. आता त्या कोठ्यात जायाला तयारच नाय."

नविनने नेमकं त्याच सुमारास जुनं कुडाचं घर पाडून सरकारी योजनेतून विटांचं घरकुल बांधलं होतं. कूड म्हणजे कारवीच्या काड्या विणून त्यावर शेणमाती लिंपलेली भिंत. विटांचं घर दिसायला ऐटदार, पण आतल्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी चीर गेली. आणि हिरीचं लग्न अडलं ते त्या चिरेपाशी.

वारल्यांचं लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते. ती गाणी म्हणते, आणि तिच्या गाण्यांवरच लग्नाचे सगळे विधी चालतात. त्याआधी घरातल्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मध्ये पालघट देवी, भोवती झाडं, ढोलवाले, शिडी, कंगवा, सूर्य, चंद्र. चौक नाही तर लग्न नाही. हिरीच्या पाड्याची धवलेरी लाडकी. काडीसारखी बारीक, आणि सोयीप्रमाणे बहिरी. तिने चीर पाहिली आणि कमरेवर हात ठेवून सांगितलं, "चिरल्या भिंतीवर मी देवीला बसवायची नाय."

नविनने चीर सिमेंटने बुजवली. लग्नाच्या आधी ती पुन्हा उघडली. पुढे टाळेबंदीत लग्नंच बंद झाली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात पुन्हा सिमेंट भरलं, गुळगुळीत करून वर चुना मारला, आणि चौक लिहायच्या आदल्या दिवशी चीर आपली जागेवर हजर. हिरीला राग आला तो याचा की तेव्हा मोठा असा हादराच झाला नव्हता.

"हललं तं फुटलं, हे मला समजतं," ती मला म्हणाली. "न हलता कशी फुटते ती?"

ते सांगणारा माणूस पुढे तिच्या अंगणातच आला.

त्याचं नाव गौरव. कुठल्याशा सरकारी संस्थेतला तरुण इंजिनिअर. जमीन किती सरकते ते उपग्रहाच्या मदतीने मोजायचं यंत्र बसवायला तो जागा शोधत होता. हिरीच्या अंगणात एका बाजूला मूळ कातळ वर आलेला आहे, तो त्याला आवडला. त्याने कातळात काँक्रीटचा खांब रोवला, आणि खांबाच्या डोक्यावर पांढरं, पातेलं पालथं घातल्यासारखं काहीतरी बसवलं. म्हणाला, "मावशी, याला कुणी हात लावायचा नाही. यावर सावली नको, वाळत घातलेले कपडे नकोत, कोंबडी बसायला नको. बघाल ना?"

हिरीने भोवती काट्यांचं कुंपण घातलं आणि बघायला लागली. ती बघते म्हटल्यावर कोंबड्यांनी ती बाजूच सोडली. पोस्टमनसुद्धा वळसा घालून येऊ लागला.

एकदा मी तिच्याकडे गेले असताना गौरवही तिथे होता. हिरीने त्याला धरून भिंतीपुढे उभं केलं. "सांग सायेब. न हलता कशी फुटते?"

त्याने भिंतीवर हात फिरवला. "एक तर मावशी, गवंड्याने सिमेंटमध्ये हात आखडता घेतलाय."

"त्यो माझा भाचा हाय," शुक्रा म्हणाला.

"असू दे. तरीही घेतलाय. पण दुसरं असं, की हादरा संपला म्हणजे जमीन लगेच स्वस्थ होत नाही. मोठा भूकंप झाला की पोटातला खडक पुढे कितीतरी महिने, कधी वर्षानुवर्षं, हळूहळू सरकत राहतो. सुरुवातीला भराभर, मग कमी, मग आणखी कमी. आपल्याला कळतही नाही. इथे फार मोठा भूकंप झालेला नाही, पण लहान लहान इतके झालेत, की ही जमीन त्यानंतर काय करते ते आम्हाला बघायचंय. खांब त्यासाठीच आहे."

हिरीने विचार केला. "म्हंजे पाव्हण्यांसारखं. लगीन झालं की दुसऱ्या दिशी निम्मे जातात. मंग रोज थोडे थोडे. न एक मामा असतोच, त्यो पावसाळ्यापातूर हलत नाय."

गौरव इतका हसला की त्याला ठसका लागला. "अगदी बरोबर. आणि तो मामा कधी जाणार ते कुणालाच सांगता येत नाही."

तर या वर्षीच्या एप्रिलमध्ये, हिरीने सुट्टी मागितल्यावर, मी चौक लिहायच्या दिवशी सकाळीच शेजाऱ्यांची गाडी घेऊन निघाले. चारोटीला मिठाई घेतली आणि उन्हं चढायच्या आत पाड्यावर पोचले. अंगणात आंब्याच्या टहाळ्यांचा मांडव, सगळं कसं ताजं सारवलेलं, ओल्या शेणाचा वास, एका बाजूला मोठ्या पातेल्यात डाळ. हिरी हळद लागलेल्या हातांनी पुढे आली. "आलीस? बघ, भिंत कशी धरून ऱ्हायलीय! नविनने आखी नव्यानं लिंपलीय. काल मी दिवसभर बघतेय तिच्याकडं."

तेवढ्यात हाल्या घरातून तरातरा बाहेर आला. मागे नविन, हातात फोन.

"काय रं, काय बोलला त्यो सायेब? सगळ्यांना सांग!"

"अवो मामा, त्यांनी नुस्तं इचारलं..."

"सांग!"

नविनने सांगितलं. गौरवचा फोन होता. तो वाटेत आहे, कासा सोडलं आहे. परवापासून खांबाचे आकडे बदललेत. आकड्यांवरून दिसतं आहे की इथली जमीन दोन बोटं वर आली. खांबाला काही झालंय का, असं तो विचारत होता. नविन बाजारातून नुकताच आला होता, त्याने लांबूनच पाहिलं आणि खांब जागेवर आहे म्हणून सांगितलं.

"जमीन फुगली!" हाल्या मांडवभर ऐकू जाईल असं म्हणाला. "इतकी वर्सं हालत व्हती, आता फुगाया लागली. फुगलेलं काय व्हतं? फुटतं! निलम, पोरीला घे. कपडे भर."

"आवो बाबा, डाळ शिजतेय," निलम म्हणाली.

"डाळ शिजू दे! तू भर!"

बायका चुलीपासून उठल्या. ढोलवाल्याने ढोल उचलून काखेत घेतला, म्हणजे पळायचं झालं तर सोय. हिरीने निलमच्या कडेवरून मुक्ताला काढून आपल्या कडेवर घेतलं आणि पदर दोघींभोवती आवळला. तिचं तोंड इतकं लहान झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

गौरवची जीप आली ती धुरळा उडवतच. तो उतरला, कुणाकडे न बघता काट्यांचं कुंपण ओलांडून खांबापाशी गेला, आणि तिथेच थांबला.

"मावशी," तो म्हणाला. "हे काय आहे?"

आम्ही सगळे जवळ गेलो. खांब खालपासून वरपर्यंत शेणाने सारवलेला होता. वरचं पालथं पातेलंसुद्धा. थर असा जाड आणि गुळगुळीत की हात फिरवावासा वाटावा. रोज वर नवा थर चढत असणार, कारण अजून ओला होता.

"सारवलंय," हिरी म्हणाली.

"ते दिसतंय. का?"

"का म्हंजे? लगीनघरातली एक वस्तू उघडी ठेवायची? आखं आंगण सारवायचं न ह्याला तेवढा कोरडा? पाव्हणे काय बोलतील?"

"मी सांगितलं होतं ना, हात लावायचा नाही!"

"हात कुठं लावला? झाडूनं लावलंय."

गौरवने खांबाच्या डोक्याकडे बोट दाखवलं. तिथे शेणावर पांढऱ्या पिठाचा अख्खा पंजा उमटला होता. "मग हा कुणाचा?"

हिरीने हळूच मागे पाहिलं. शुक्रा मांडवाच्या खांबाआड गेला होता.

"त्यो नवरदेवाचा," ती म्हणाली.

गौरव खाली कातळावर बसला आणि दोन्ही हातांनी त्याने तोंड झाकलं. मला वाटलं पोर रडतंय. पण खांदे हलत होते ते हसण्याने. मग त्याने समजावलं. या पांढऱ्या टोपीखालचं यंत्र उपग्रहाचे संदेश झेलतं. वर ओलं शेण बसलं की संदेश त्यातून यायला किंचित उशीर होतो, आणि यंत्राला वाटतं आपण जागेवरून हललो. जमीन वर आलेली नाही. शेण वर आलेलं आहे.

"म्हंजे फुगली नाय?" हाल्याने विचारलं.

"माझी तरी खात्री आहे. पण खांब धुऊन दुपारपर्यंत आकडे बघतो, मगच ठामपणे सांगतो."

हिरीने स्वतः हंडा आणला. गौरवने मऊ फडक्याने, लहान बाळाला न्हाऊ घालावं तसं ते पांढरं डोकं पुसलं. मग तो लॅपटॉप मांडीवर घेऊन कातळावर बसला, आणि हाल्या त्याच्याशेजारी पहारा द्यायला बसला. निलमने भरायला घेतलेली पिशवी तशीच अर्धी भरून दारात ठेवली होती. मुक्ता हिरीच्या कडेवरून उतरायला मागत होती, पण हिरी तिला सोडेना. बायका पुन्हा चुलीपाशी गेल्या, ढोलवाल्याने ढोल खाली ठेवला, पण वाजवला मात्र नाही. हाल्या मधूनमधून पडद्यावर वाकून विचारायचा, "आता?" आणि गौरव म्हणायचा, "आता नाही, काका." जेवणाच्या वेळी दोघांची पानं तिथेच नेऊन दिली.

जेवणं उरकताच गौरव उठला. "आकडे पूर्वीच्या रेषेवर आले. जमीन काही वर आलेली नाही. आधी जशी अगदी सावकाश सरकत होती तशीच आहे."

मांडवात जीव आला. ढोलावर एक थाप पडलीसुद्धा. आणि नेमकी तेव्हा लाडकी घरातून बाहेर आली. सकाळच्या सगळ्या गोंधळाला ती बहिरी होती. हातात पिठाची वाटी, कपाळाला आठ्या.

"भिंत चिरलीय," ती म्हणाली.

आम्ही आत धावलो. खिडकीच्या कोपऱ्यापासून, नव्या लिंपणातून, केसाएवढी बारीक रेघ खाली उतरली होती. सकाळी ती तिथे नव्हती असं हिरी म्हणाली. होती पण दिसली नाही असं नविन म्हणाला. लाडकीने वाटी खाली ठेवली.

हिरी गौरवकडे वळली. "सायेब, खरं सांग. हे थांबणार कवा?"

"मावशी, खोटं कशाला बोलू? कमी कमी होत जाईल. पण कधी पुरतं थांबेल ते मला सांगता येत नाही. माझ्या साहेबांनाही नाही."

"पुढल्या साली?"

"सांगता येत नाही."

हाल्याने घसा खाकरला. आता त्याचाही आवाज उतरला होता. "मंग विहीण, माझा काय उपाय नाय. चौक नाय तं लगीन नाय. मी माझं बोललोच व्हतो. पोरीला नेतो. नातीलाबी. भिंत सरळ झाली की सांगावा धाडा."

"ती सरळ व्हायची नाय," हिरी म्हणाली. "ऐकलंस ना सायेबाचं? मी किती साल भिंतीची वाट बघू? माझे दात पडाया लागले." ती क्षणभर त्या रेघेकडे बघत राहिली. मग मुक्ताला माझ्या हातात देऊन ती एकदम हाल्यासमोर उभी ठाकली. "व्याही, तुमच्याकडं आजूनबी कुडाचं घर हाय ना?"

"हाय."

"कूड कुणी विणला?"

"मीच. दुसरा कोण विणणार? आख्ख्या तलासरीत..."

"मंग विणा."

"काय?"

"कूड विणा. इथं. पुरुषभर उंच, दोन हात रुंद. काड्या कोठ्यामागं पडल्यात. ह्या भिंतीला टेकवायचा नाय, म्होरं सुटा उभा करायचा, वासं रोवून. मागची भिंत मंग कुठंबी जाऊ दे. तिच्या मागं मी लागायची नाय आता."

सगळे लाडकीकडे बघू लागले. लाडकीने विचार करायला बराच वेळ घेतला. आपल्यावाचून अडलं आहे हे तिला पुरतं चाखायचं होतं.

"भिंत हाय का दार ते?" ती शेवटी म्हणाली.

"भिंत," हिरी म्हणाली. "शेणाची, कारवीची. तुझ्या लग्नात अशीच व्हती का नाय?"

"व्हती," लाडकी म्हणाली. "पर ती घराला जोडलेली व्हती."

"घर आपलं आपण सांभाळील. तू देवीला बसवतेस का ते सांग."

"ओली नको. सुकली तं बसवीन."

मग जी धावाधाव उडाली ती सांगता सोय नाही. नविनने काड्या आणल्या. हाल्याने अंगातला कोरा सदरा काढून मांडवाला अडकवला आणि बसकण मारली. तो विणायला बसल्यावर मात्र त्याच्या तोंडून जमिनीबद्दल एक शब्द निघाला नाही. नविनच्या काड्या वाकड्या, नविनची बोटं जाड, नविनला बापाने काही शिकवलं नाही, हेच चाललं होतं. शुक्रा म्हणाला, "मी नवरदेव हाय, मला काम सांगू नका," तर हिरीने त्याला शेण कालवायला बसवलं. निलमने दारातली पिशवी उपसून रिकामी केली, कारण लिंपण गाळायला फडकं हवं होतं आणि ते तळाशी गेलं होतं. गौरव जायला निघाला होता, तो राहिला. लिंपण लवकर सुकावं म्हणून त्याने जीपमधला बॅटरीवरचा पंखा आणून लावला. लाडकीने पंख्याकडे संशयाने पाहिलं, पण नको म्हणाली नाही. स्वतःच त्याच्यासमोर जाऊन बसली.

लिंपण पातळ, आणि वर एप्रिलचं ऊन. तिन्हीसांजेला कूड वाजवून पाहिला तर टणक लागला, तसा तो आत नेऊन भिंतीपुढे सुटा उभा केला. सवाष्णींनी पीठ घेतलं आणि देवीची पहिली रेघ ओढली. लाडकी गायला लागली, आणि तिला ऐकू येत नाही असं त्यानंतर कुणी म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी आधी हिरी-शुक्राचं लग्न लागायचं होतं, लगोलग त्याच मांडवात नविन-निलमचं. नवरानवरीला खांद्यावर घेऊन नाचवतात. शुक्राला कोण उचलणार यावर वाद झाला आणि शेवटी ते नविनवर आलं. बाप खांद्यावर, आणि तो वरून सांगतोय, "हळू रं, पडीन ना!" हाल्या हसून हसून मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. गौरवने सुट्टी टाकली होती की काय कोण जाणे, तोही नाचत होता.

लाडकीने गाणं संपवलं, डोक्यावर अक्षता पडल्या. हिरीचं लग्न लागलं. डोक्याला बाशिंग, कपाळाला हळद, मांडीवर मुक्ता, अशी ती घरात चौकापुढे पाटावर बसली होती. चौकातल्या देवीची रेघन् रेघ तिच्या पाठीमागे अखंड.

आता पाट नव्या जोडीला द्यायचा होता. निलम नटून उभी होती. नविन पुढे आला.

"आये, ऊठ. आता आमची पाळी."

हिरी हलली नाही.

"आये! लोक खोळंबलेत."

"खोळंबू दे रं," हिरी म्हणाली आणि मुक्ताला आणखी जवळ घेऊन ऐसपैस मांडी ठोकून बसली. "इतक्या सालांनी बसलेय. जरा बसू दे."